डोंगरावरच ठरलेला रंग

हिमालयात सकाळी नऊच्या उन्हात चमकणारा ताजा बर्फ आणि त्याच चौकटीत खाली पसरलेली देवदारांची सावली यांच्या उजेडात सहज सात-आठ स्टॉपचे अंतर असते. एक स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट, म्हणजे बर्फावरचा उजेड सावलीतल्या उजेडाच्या सव्वाशे ते अडीचशे पट. आपली नजर एकदा इकडे, एकदा तिकडे फिरत दोन्ही पाहून घेते. रंगीत निगेटिव्ह फिल्मही हे बऱ्यापैकी सांभाळते. स्लाइड फिल्मला मात्र जेमतेम पाच स्टॉप झेपतात. त्याच्या वरचा बर्फ नुसती कोरी, पारदर्शक फिल्म होऊन जातो, खालची सावली काळीठिक्कर पडते आणि एकदा गेलेला तपशील कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही. बर्फाचा पर्वत हा या फिल्मच्या आवाक्याबाहेरचा विषय आहे. तरीही विसाव्या शतकातली पर्वतांची उत्तमोत्तम रंगीत छायाचित्रे याच फिल्मवर निघाली. हे कसे घडले, या प्रश्नातून हे पुस्तक उभे राहिले.

स्लाइड कधी हातातही न धरलेली वाचकांची एक पिढी आता जाणती झाली आहे, म्हणून थोडे मुळापासून सांगतो. एरवी कॅमेऱ्यातला रोल धुतला की निगेटिव्ह मिळते आणि तिच्यावरून कागदावर छायाचित्र छापतात. स्लाइडमध्ये ही दुसरी पायरीच नाही. पहिल्या डेव्हलपरमध्ये उजेड लागलेल्या चांदीच्या क्षारांची कृष्णधवल निगेटिव्ह तयार होते. मग उजेड न लागलेले, उरलेले क्षार रसायनाने उलटवून त्यांच्या जागी पिवळा, किरमिजी आणि हिरवट निळा असे तीन रंग उमटवले जातात. शेवटी सगळी चांदी काढून टाकली की मागे राहते ते सरळ, सुलट, रंगीत चित्र. 24 बाय 36 मिलिमीटरचा हा तुकडा पाच सेंटिमीटरच्या चौकोनी पुठ्ठ्यात किंवा प्लास्टिकच्या चौकटीत बसवला की झाली स्लाइड. निगेटिव्हवरून प्रत छापताना प्रयोगशाळेतला माणूस उजेड कमी-जास्त करतो, रंग सावरतो, छायाचित्रकाराच्या निम्म्या चुका मुकाट्याने दुरुस्त करतो. इथे मध्ये असा कोणी नाही. जी फिल्म डोंगरावर उजेडाला सामोरी गेली, तीच पुढे प्रोजेक्टरमध्ये जाते.

म्हणून स्लाइडवरच्या पर्वताचा रंग डोंगरावरच, बटण दाबताना ठरतो. पुढची सारी चर्चा या एका गोष्टीभोवती फिरते.

ठरवायचे म्हणजे काय, ते बर्फावर सगळ्यात स्पष्ट कळते. कॅमेऱ्याचे मीटर समोरचे जग सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. त्याचे ऐकले तर बर्फ करडा येतो, राखेसारखा. म्हणून बर्फावर मीटर धरायचे आणि त्याने सांगितल्यापेक्षा दीड ते दोन स्टॉप उजेड जास्त द्यायचा. पण दोनच्या पुढे गेले की बर्फावरचा पोत, वाऱ्याने उठवलेल्या लाटा, पावलांचे ठसे सगळे जळून जाते. म्हणजे हातात उरते ती अर्ध्या स्टॉपची जागा. दगड, बर्फ, आकाश आणि माणसाचा चेहरा एकाच चौकटीत असतील तर यांतल्या कोणाला वाचवायचे आणि कोणाला काळोखात जाऊ द्यायचे, हे छायाचित्रकाराला तिथेच, श्वास लागलेला असताना, बोटे बधिर झालेली असताना ठरवावे लागते. अनुभवी लोक उजळ भाग वाचवतात आणि सावलीवर पाणी सोडतात. सावली काळी झाली तर चित्र निदान गंभीर दिसते. बर्फ जळला तर चित्राला भोक पडल्यासारखे वाटते. आकाश आणि जमीन यांतले अंतर कमी करायला वरच्या अर्ध्या भागात करडी छटा असलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर वापरतात. दोन-तीन स्टॉप तो सांभाळून घेतो. पोलरायझर सूर्यापासून काटकोनात सगळ्यात जास्त परिणाम करतो, पण पाच हजार मीटरवरचे आकाश मुळातच गडद असते. तिथे तो पूर्ण फिरवला की आकाश जवळजवळ काळे पडते. अनेक जुन्या मोहीमचित्रांत ते तसे पडलेले दिसते आणि मला ते खटकते.

रंगाचेही असेच. दिवसाच्या उजेडासाठीची फिल्म सुमारे 5500 केल्विनला जुळवलेली असते. बर्फातली सावली मात्र फक्त निळ्या आकाशाने उजळलेली असते, तिचे रंगतापमान दहा हजारांच्याही वर जाते. आपल्या नजरेला ती सावली करडी वाटते, कारण बर्फ पांढरा असतो हे मेंदूला माहीत असते. फिल्मला असे काही माहीत नसते, ती निळे ते निळेच नोंदवते. हा निळेपणा 81ए सारख्या उबदार फिल्टरने कमी करायचा की तसाच ठेवायचा, यावर पर्वत-छायाचित्रकारांत जुना मतभेद आहे. माझे मत ठेवण्याच्या बाजूचे. त्या सावलीचा उजेड खरोखर निळाच असतो. स्लाइड पाहिल्यावर प्रत्यक्ष बर्फातही तो निळा आपल्याला दिसायला लागतो.

पहाटेची आणि तिन्हीसांजेची वेळ हाही या विषयाचा गाभा आहे. पर्वतचित्र म्हटले की सूर्योदयाचे सोनेरी शिखर, संध्याकाळची गुलाबी भिंत, समोर काळी कड हेच डोळ्यांपुढे येते. याला आपण सौंदर्यदृष्टी म्हणतो, आणि ती आहेही. पण तिच्यामागे स्लाइडची मर्यादाही आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचा उजेड मंदावतो, शिखर आणि आकाश यांतले अंतर आटते आणि सारे दृश्य त्या पाच स्टॉपमध्ये बसू लागते. भर दुपारचा हिमालय या फिल्मवर नीट येतच नव्हता, म्हणून छायाचित्रकार चारला उठू लागले. पहाट त्यांच्या सवयीची झाली, त्यांच्या चित्रांमुळे ती वाचकांच्या सवयीची झाली आणि आज मोबाइलवर फोटो काढणाराही शिखरावरचे पहिले ऊन गाठायला धडपडतो. एका रासायनिक पदार्थाच्या अपुरेपणाने पर्वताकडे पाहण्याची आपली रीत घडवली, असे माझे ठाम मत आहे.

या अपुरेपणाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. स्लाइड उजेड घेताना कंजूष असली तरी देताना उदार आहे. कागदावरच्या छापील चित्रात सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद भागांतला फरक साधारण शंभर पटींच्या आसपास थांबतो. चांगल्या स्लाइडमधून उजेड आरपार जातो तेव्हा तोच फरक हजार पटींवर पोहोचतो. अंधाऱ्या सभागृहात पडद्यावर बर्फ स्वतःच प्रकाशल्यासारखा दिसतो तो यामुळे. पर्वत आणि स्लाइड यांची जोडी जमली ती इथे.

आता थोडा इतिहास. रंगीत पारदर्शिकांची सुरुवात फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोमपासून होते. 1907 साली बाजारात आलेल्या या काचेच्या पट्ट्यांवर बटाट्याच्या पिठाचे नारिंगी, हिरवे आणि जांभळट रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. तिला उजेड इतका लागायचा की भर उन्हातही सेकंदभर किंवा त्याहून जास्त वेळ द्यावा लागे. चालती माणसे त्यात पुसट होत. डोंगर हलत नाही, म्हणून डोंगर तिला मानवला. आल्बेर कान या फ्रेंच धनिकाने 1909 पासून जगभर छायाचित्रकार पाठवून जमवलेल्या सुमारे 72,000 ऑटोक्रोम पट्ट्या हा त्या काळाचा सर्वांत मोठा ठेवा. पण उंच पर्वतांवर काचेच्या पट्ट्या आणि तिवई वाहून नेणे हे फार थोड्यांचे काम होते, आणि ज्यांनी ते केले ते बहुतेक कृष्णधवल काम करत होते. कांचनजंगा आणि के-टूची व्हित्तोरिओ सेल्ला यांची चित्रे आजही या क्षेत्राचा मानदंड आहेत, आणि त्यांत रंग नाही.

हिमालयाच्या रंगीत चित्रणात फ्रँक स्माइथ यांचे नाव आधी घ्यायला हवे. 1931 साली कामेट शिखरावरून परतताना गढवालमधल्या भ्यूंदर खोऱ्यात ते पोहोचले, 1937 साली पुन्हा तिथे राहायला गेले आणि 1938 साली त्यांचे 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' हे पुस्तक रंगीत छायाचित्रांसह निघाले. फुलांचे खोरे जगाला कळले ते शब्दांइतकेच रंगांमुळे. कृष्णधवल चित्रात निळी खसखस ही एक करडी पाकळी उरते.

तोपर्यंत कोडाक्रोम आली होती. लिओपोल्ड मानेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे तिचे निर्माते व्यवसायाने संगीतकार होते. 1935 साली ती चित्रपटासाठी आणि 1936 साली 35 मिलिमीटरच्या स्थिर कॅमेऱ्यासाठी बाजारात आली. तिच्या थरांत रंगद्रव्य नसे, ते धुताना बाहेरून घातले जाई. त्यामुळे थर पातळ, चित्र अतिशय रेखीव आणि रंग अंधारात ठेवल्यास दीर्घायुषी. तिचा उजेड टिपण्याचा वेग मात्र आजच्या मोजमापाने आठ-दहाच्या घरात. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तो 25 आणि 64 पर्यंत आला.

29 मे 1953 रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर एडमंड हिलरी यांनी थंडीपासून जपण्यासाठी कपड्यांच्या आत ठेवलेला रेटिना कॅमेरा काढला. त्यात कोडाक्रोम होती. बर्फकुऱ्हाडीला बांधलेले झेंडे उंचावून उभे असलेले तेनझिंग, आणि मग माथ्यावरून चारही बाजूंना उतरणाऱ्या धारा, हे सारे त्यांनी टिपले. धारांची चित्रे पुरावा म्हणून. आपण टिपलेले नीट उमटले की नाही, हे रोल धुतल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता. पुढची चाळीस-पन्नास वर्षे प्रत्येक मोहीम याच अनिश्चिततेत काम करत राहिली. रोल खाली यायचे, महिन्याभराने धुतले जायचे आणि तेव्हा मोहिमेची आठवण पक्की व्हायची. थंडीत बॅटरी मरायची, म्हणून बॅटरीशिवाय शटर चालणाऱ्या निकॉन एफएम-टूसारख्या यांत्रिक कॅमेऱ्यांवर गिर्यारोहकांचा जीव. फिल्म कडक होऊन तुटायची. घाईने गुंडाळली तर स्थिर विजेच्या ठिणग्या चित्रावर फांद्यांसारख्या उमटायच्या. तंबूत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बांधायचा, नाहीतर आतल्या उबेत लेन्सवर दव धरायचे. या सगळ्यातून वाचलेली एक-एक स्लाइड म्हणून मोलाची.

कोडाक्रोम धुणे हे मोजक्याच प्रयोगशाळांचे काम होते. 1946 साली आलेल्या एक्टाक्रोमने ते सामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्यात आणले, पण तिच्या सुरुवातीच्या पिढ्या टिकाऊ नव्हत्या. त्या काळातल्या स्लाइड आज लालसर-किरमिजी पडलेल्या आढळतात. 1970 च्या दशकात ई-6 ही पद्धत रूढ झाली आणि ती आजही चालते. पहिला डेव्हलपर 38 अंश सेल्सिअसवर, अंशाच्या लहानशा हिश्श्याइतकीही चूक न करता राखावा लागतो.

1990 साली फुजीची व्हेल्विया आली आणि पर्वतचित्रण दुभंगले. वेग 50, कण अत्यंत बारीक, हिरवा आणि लाल इतके भरदार की पहिल्यांदा लाइट टेबलवर पाहणारा थबकायचा. संपादकांना ती आवडली, कॅलेंडरवाल्यांना त्याहून जास्त. तिच्यावर आक्षेप असा की असा हिरवा निसर्गात नसतो. आक्षेप खरा आहे. पण कोडाक्रोमचा गंभीर लाल किंवा एक्टाक्रोमचा थंड निळा तरी कुठे निसर्गात होता? प्रत्येक फिल्मला रंगाविषयी स्वतःचे मत असते. जाणता छायाचित्रकार ते मत ओळखून त्या दिवसाच्या उजेडासाठी फिल्म निवडायचा. ढगाळ, सपाट उजेडात व्हेल्विया जीव आणते. कडक उन्हात ती क्रूर होते, तिथे फुजीचीच मवाळ प्रोव्हिया बरी. पहाटेच्या अंधारात सेकंदभरापेक्षा लांब एक्स्पोजरला व्हेल्विया हिरवट झुकते आणि किरमिजी फिल्टर मागते. प्रोव्हिया दोन मिनिटांपर्यंत काही मागत नाही. ही माहिती तेव्हा वहीत लिहून घेतली जायची, तोंडपाठ असायची.

या क्षेत्रात ठळक परंपरा कोणत्या, असे विचारले तर मी मोहिमेची नोंद करणाऱ्यांना पहिले स्थान देईन, कारण त्यांच्यामुळे ही परंपरा रुजली. पण कला म्हणून स्लाइडला मान मिळवून दिला तो एलियट पोर्टर यांनी. ते शिकून डॉक्टर झालेले. रंगीत छायाचित्रण म्हणजे जाहिरातींचे काम असे समजले जाण्याच्या काळात, खुद्द अॅन्सेल अॅडम्स यांना रंगाविषयी शंका असताना, पोर्टर यांनी मोठ्या पारदर्शिकांवरून डाय-ट्रान्स्फर प्रती काढल्या आणि 1962 साली सिएरा क्लबने त्यांचे मोठे पुस्तक काढले. पुढच्याच वर्षी ग्लेन कॅनियनवरचे पुस्तक आले, तेव्हा धरणाची दारे बंद होऊन ते दरीखोरे पाण्याखाली जाऊ लागले होते. पोर्टर शिखरांच्या मागे लागले नाहीत. झरे, शेवाळ, खडकांच्या भिंती, पानगळ हा त्यांचा विषय. छोट्या गोष्टीत पर्वत पाहण्याची वाट त्यांनी दाखवली, आणि सह्याद्रीत काम करणाऱ्याला हिमशिखरांच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा पोर्टर जास्त उपयोगी पडतील.

जपानची वाट वेगळी. योशिकाझु शिराकावा यांचे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचे 'हिमालय' हे भव्य पुस्तक पाहिले की पर्वत पृथ्वीवरचा वाटतच नाही; गडद आकाश, पेटलेली शिखरे, माणसाचा मागमूस नाही. शिरो शिराहाता यांचा 1983 चा 'नेपाळ हिमालय' त्याहून शांत, आणि मला अधिक जवळचा. मोठी फिल्म, जड तिवई, आणि एकाच जागी दिवसचे दिवस वाट पाहणे ही या परंपरेची ओळख.

याच्या अगदी उलट टोकाला गेलेन रोवेल. बर्कलीत मोटारदुरुस्तीचा व्यवसाय करणारा हा गिर्यारोहक 1972 साली तो विकून पूर्णवेळ छायाचित्रकार झाला. लहान 35 मिलिमीटर कॅमेरा, दोन लेन्स आणि धावत्या पायांचा माणूस. 1981 साली ल्हासात, साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, इंद्रधनुष्याचे टोक पोताला राजवाड्यावर आणण्यासाठी तो धावत सुटला आणि ते चित्र त्याची ओळख बनले. डोळा आणि फिल्म यांच्या पाहण्यातला फरक ओळखून चित्र आधीच मनात रचायचे, ही त्याची शिकवण 1986 च्या 'माउंटन लाइट' या पुस्तकात आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी ते पुस्तक झेरॉक्स करून वाचले. 2002 साली विमान अपघातात तो गेला. स्कॉटलंडमध्ये कॉलिन प्रायर यांनी लांबट पॅनोरमा चौकटीत व्हेल्वियाचा संयमाने वापर केला. त्यांच्याही आधी वॉल्टर पाउचर या सुगंधतज्ज्ञाने ब्रिटिश डोंगर लायकाने टिपले होते.

आपल्याकडे स्वामी सुंदरानंद यांचे काम मला एकटे, वेगळे वाटते. 1926 साली जन्मलेले हे संन्यासी गंगोत्रीत राहिले आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ तीच शिखरे, तीच हिमनदी टिपत राहिले. त्यांचे पुस्तक 2001 साली निघाले. 2020 साली ते गेले. ते कोणत्या शाळेचे नव्हते. एकाच जागी इतका काळ राहून पाहणे हेच त्यांचे तंत्र. अशोक दिलवाली यांची हिमालयावरची पुस्तके आणि मुंबईचे हरीश कपाडिया यांची दुर्गम खोऱ्यांतली चित्रे, ज्यांच्या स्लाइड पाहून महाराष्ट्रातल्या अनेकांनी पहिल्यांदा स्पिती आणि पूर्व काराकोरम पाहिले, हीही या वाटेवरची महत्त्वाची ठाणी.

महाराष्ट्रात स्लाइड हे गिर्यारोहणाच्या सार्वजनिक जीवनाचे अंग होते. मोहीम परतली की मुंबई-पुण्याच्या शाळांच्या सभागृहांत स्लाइड शो व्हायचा. पांढरा पडदा, खिडक्यांना चादरी, कॅरोसेल असलाच तर त्याचा दर स्लाइडमागे होणारा खटका, नसला तर हाताने सरकवायचा प्रोजेक्टर आणि एखादी उलटी लागलेली स्लाइड पाहून ओरडणारी पोरे. प्रतिमा दहा-बारा सेकंद पडद्यावर राहायची आणि बोलणारा त्या वेळात सांगायचा. कितीतरी जणांनी डोंगराचा रस्ता धरला तो अशाच संध्याकाळी. फिल्म महाग होती; पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची ओरवो तुलनेने परवडायची, म्हणून जुन्या संग्रहांत ती पुष्कळ सापडते. दिवाळी अंकांची मुखपृष्ठेही ट्रान्सपरन्सीवरूनच होत, कारण छपाईवाल्याला मूळ रंग समोर ठेवून जुळवता यायचे.

सह्याद्री स्लाइडवर टिपणे हा हिमालयापेक्षा वेगळा प्रश्न आहे. इथे मीटर उलट्या दिशेने फसवते. काळा बेसाल्ट त्याला करडा करायचा असतो, म्हणून उजेड कमी द्यावा लागतो, नाहीतर कडा धुरकट येतो आणि वरचे आकाश जळते. पावसाळ्यात ढगांखाली 50 वेगाच्या फिल्मवर शटर सेकंदाच्या आठव्या-पंधराव्या भागापर्यंत उतरते आणि कड्यावरचे गवत वाऱ्याने हलत असते. उन्हाळ्यात धुरळ्याने रंग मरतात. खरा काळ भाद्रपद ते कार्तिक, पाऊस ओसरून हवा धुतलेली असते तेव्हाचा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी सूर्य पाठीशी आणि खाली कोकणात धुके भरलेले असेल तर धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती रंगांची गोल कडी दिसते. एकोणिसाव्या शतकात साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. ते फिकट रंग स्लाइडवर यायला अर्धा स्टॉप कमी उजेड द्यावा लागतो, आणि तेवढ्यात धुके विरते.

या विषयाकडे आज वळण्याचे कारण तातडीचे आहे. गंगोत्री हिमनदीचे मुख 1935 साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जॉन ऑडन यांनी नकाशात नोंदवले. तेव्हापासून ते सुमारे दीड किलोमीटर मागे गेले आहे. एव्हरेस्ट परिसरातल्या इम्जा हिमनदीवर 1950 च्या दशकातल्या चित्रांत जी मोजकी डबकी दिसतात, तिथे आज मोठे सरोवर आहे. जुने चित्र घेऊन त्याच जागी पुन्हा उभे राहायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे, ही आता शास्त्राची मान्य पद्धत आहे. सेल्लांच्या काळापासूनची कृष्णधवल चित्रे आणि आजची उपग्रहचित्रे यांच्या मधला, साधारण 1950 ते 2005 चा रंगीत काळ स्लाइडवर आहे. बर्फ आणि धुळीने झाकलेला बर्फ, गवत आणि ओसाड जमीन यांतला फरक रंगाने कळतो. सह्याद्रीतही तेच: गडांवरच्या ढासळलेल्या तटबंद्या, उपाहारगृहे येण्याआधीचे माथे, पवनचक्क्यांआधीची पठारे पुष्कळदा एखाद्या स्लाइडवर एवढीच उरली आहेत.

आणि या स्लाइड आपल्या हवेत मरत आहेत. जिलेटिन हे बुरशीचे अन्न आहे. हवेतली आर्द्रता 60-65 टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते, आणि मुंबईचा पावसाळा सलग चार महिने त्याच्या वर असतो. लोखंडी कपाटातल्या डब्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी एव्हरेस्टवर चढत असते. कोडाक्रोम अंधारात टिकते पण प्रोजेक्टरच्या उजेडात लवकर फिकी पडते. ई-6 च्या फिल्मांचे उलट. म्हणजे सगळ्यात जास्त दाखवलेली, सगळ्यात लाडकी कोडाक्रोमच आज सगळ्यात जास्त गेलेली असते. कोडाक्रोमचे उत्पादन 2009 साली थांबले आणि अमेरिकेत कॅन्ससमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेने 2010 च्या अखेरीस नवे रोल घेणे बंद केले. एक्टाक्रोमही थांबली होती, पण 2018 साली ती परत आली. तरुण मुले पुन्हा स्लाइडचा रोल घालू लागली आहेत, महाग असूनही. त्यांना परत जाऊन दुरुस्त न करता येणारी गोष्ट हवी आहे, असे त्यांच्याशी बोलताना जाणवते.

हे पुस्तक दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: ज्यांच्या घरी अशा स्लाइडचे डबे आहेत ते, आणि ज्यांना आज नव्याने स्लाइडवर डोंगर टिपायचा आहे ते. पहिल्यांना ओळखायचे कसे, साफ करायचे कसे, कोरड्या हवेत ठेवायचे कसे, स्कॅन करायचे कसे हे हवे असते. स्कॅनरची धूळ काढणारी अवरक्त सोय कोडाक्रोमवर फसते, अशा लहान पण नुकसान करणाऱ्या गोष्टी त्यांना वेळेवर कळायला हव्यात. दुसऱ्यांना मीटर, फिल्टर आणि पहाट यांचे शिक्षण हवे असते. दोघांचे धडे वेगळे काढता आले असते, पण मुद्दाम एकत्र ठेवले आहेत. जुनी स्लाइड वाचायची तर ती कशी निघाली असेल हे हातांना माहीत हवे. नवी काढायची तर आधी पुष्कळ जुन्या पाहायला हव्यात. कॅमेऱ्यांचे कॅटलॉग इथे नाही आणि फिल्म श्रेष्ठ की डिजिटल, या वादातही आम्ही पडलेलो नाही.

छापलेल्या चित्रांविषयी थोडे. बहुतेक स्लाइड गिर्यारोहकांच्या घरगुती संग्रहांतून आल्या आहेत. प्रत्येक चित्राखाली फिल्मचे नाव दिले आहे, कारण रंगाविषयी तिचे मत काय होते हे वाचकाला कळले पाहिजे. तारखांबाबत दक्षता घेतली आहे. पुठ्ठ्यावर छापलेला महिना आणि वर्ष हे फिल्म धुतल्याचे असते, चित्र काढल्याचे नव्हे. जिथे डायरी किंवा परवान्याचा आधार मिळाला तिथेच तारीख निश्चित मानली आहे, इतरत्र तसे नमूद केले आहे. स्कॅन करताना धूळ आणि बुरशी काढली. उडालेले रंग पुन्हा भरले नाहीत, काळ्या सावल्या उजळल्या नाहीत आणि बर्फातल्या निळ्या सावल्या निळ्याच ठेवल्या.